जुळ्यांची खूण

मेंढीचं रक्त काढण्याआधी मठपती सर तिच्या मालकाला एक प्रश्न विचारायचे, "हिच्या आईला किती व्हायची?" उत्तर मिळाल्याशिवाय सुई वेष्टणातून बाहेर निघत नसे. काही धनगर पटकन सांगायचे, काही आठवत बसायचे, एखादा वैतागून म्हणायचा की साहेब, तुमच्याकडं मशीन हाय तर आमाला काहून इचारता. सर त्यालाही शांतपणे सांगायचे, "मशीन रक्तातलं सांगंल. तुमी डोळ्यांनी बघितलेलं त्याला कुठून ठाऊक?" मग ते उकिडवे बसायचे, मेंढी दोन्ही गुडघ्यांत धरायचे, मानेवरची लोकर बोटांनी बाजूला सारून शीर चाचपायचे. मेंढीला कळायच्या आत नळी भरलेली असायची.

ती नळी हातात घ्यायला शेजारी मी उभी असे.

मी चुडाव्याची. रोज सकाळच्या पॅसेंजरने परभणीला यायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचं, यात माझी सगळी नोकरी गेली. परभणीजवळच्या एका लहानशा मेंढी केंद्रात मी प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले तेव्हा डॉ. गुरुलिंग मठपती तिथे आधीपासून होते. मूळचे गंगाखेडकडचे. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, कपाळावर विभूतीची तीन बोटं, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशापाशी जखमेवर लावायच्या औषधाचा जांभळा डाग. शर्ट बदलला तरी डाग त्याच जागी असायचा, कारण औषधाची बाटली ते कायम त्याच खिशात ठेवत.

आमचं काम सांगायला सोपं होतं. आपल्याकडची मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. सुंदरबनाकडच्या एका लहानखुऱ्या जातीत मात्र असा गुण आहे की ती दोन, कधी तीन कोकरं देते, आणि त्या गुणाची खूण रक्तातून तपासता येते. तो गुण आमच्या केंद्राच्या कळपात आणलेला होता. आपल्या मेंढीचा बांधा, उन्हातान्हात मैलोन्‌मैल चालायची तिची ताकद तशीच ठेवून हा एवढा एक गुण तिच्यात उतरवायचा आणि मग असे मेंढे आसपासच्या धनगरांना द्यायचे, हे सरांचं आयुष्यभराचं काम.

धनगरांना ते हे घोंगडीवर समजावून सांगत. समोरच्याच्या खांद्यावरच्या घोंगडीची दशी सोडवून एक काळा धागा आणि एक पांढरा धागा बोटात धरत. "परतेक जित्राबात असे दोन धागे असतात. एक आईकडून आलेला, एक बापाकडून. पांढरा म्हणजे जुळ्यांचा समजा. एक पांढरा असला की जुळी होतात. दोन्ही पांढरे झाले तर तीन होतात, कधी चार. तेवढी आपल्याला नकोत." का नकोत असं कुणी विचारलं की ते मेंढीची कास दाखवत. "सड दोनच हायत."

हेच आम्हाला प्रयोगशाळेत पट्ट्यांच्या रूपात दिसायचं. जेलच्या पातळ वडीवर दिव्याखाली वरच्या बाजूला एकच पट्टी उमटली तर जनावर साधं. फक्त खालची उमटली तर दोन्ही धागे जुळ्यांचे. दोन्ही पट्ट्या दिसल्या तर एकेक धागा. सर आधी मला पाहायला लावत आणि स्वतः बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहत. माझं लिहून झालं की ते आत येत, मी बाहेर जाई. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून जुळवायचे. कागद जुळले नाहीत तर जेल पुन्हा. त्या हट्टापायी माझ्या कितीतरी गाड्या चुकल्या, पण ते कधी घाई करू देत नसत.

त्यांच्या तोंडात 'बहुतेक' हा शब्द नव्हता. कुणी फोनवर विचारलं की सर, ही मेंढी औंदा जुळी देईल का, तर ते म्हणत, माहीत नाही. आम्हा लोकांना ते ऐकायला अवघड जायचं. एवढा शिकलेला माणूस, एवढी यंत्रं आणि उत्तर माहीत नाही. एकदा एका वार्ताहराने येऊन सगळं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात जादूचा मेंढा असा मथळा आला. केंद्रातले सगळे खूश. दुपारी सरांनी तीन ओळींचं पत्र लिहिलं की यात जादू नाही, मेंढीला चारा कमी पडला तर हा गुण असूनही उपयोग नाही, आणि कृपया एवढं छापावं. ते छापून आलं नाही. मग सरांनी तेच पत्र केंद्राच्या फाटकावर चिकटवलं. पावसाने ते भिजून गळून पडेपर्यंत तिथेच होतं.

सर शुद्ध शाकाहारी. गळ्यात लिंग, सकाळची पूजा झाल्याशिवाय पाणीही घेत नसत. एकदा जेवणाच्या सुट्टीत नवीन आलेल्या एका पशुधन अधिकाऱ्याने त्यांना सहज छेडलं की सर, तुम्ही स्वामी माणूस आणि आयुष्यभर काम काय केलं, तर मटण वाढवायचं. आम्ही सगळे ताटात बघायला लागलो. सरांनी भाकरी संपवली, डबा धुतला, पुसला आणि मग येऊन बसले. त्यांनी सांगितलं की त्यांचे वडील गावचे मठपती. कुणाच्या घरी मूल जन्मलं की त्यांना बोलावणं यायचं, बाळाला लिंग बांधायला. मयत झाली तरी त्यांनाच बोलावणं यायचं. सर शिकून जनावरांचे डॉक्टर झाले याचं वडिलांना शेवटपर्यंत वाईट वाटलं, घरातली सेवा मोडली म्हणून.

"आता धनगराच्या वाड्यावर जन्म झाला की मला बोलावणं येतं," सर म्हणाले. "पुढं त्या जित्राबाचं काय होतं ते मला ठाऊक आहे. ते ठाऊक असूनच मी जातो. त्याचा त्रास होत नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही."

तो अधिकारी पुढे सरांचा फार चांगला मित्र झाला.

सरांची गोष्ट गयाबाईशिवाय पुरी होत नाही. गयाबाई पेडगावच्या शिवाराकडेला राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा आणि सून हाताशी होते, पण मेंढरांचा सगळा कारभार तिचा. सत्तरेक मेंढ्या. कुठली कुणाची, तिची आजी कुठली, कोणत्या उन्हाळ्यात कुणाला काय झालं हे सगळं तिच्या तोंडी. आणि तिचा हात. मेंढी अडली की आसपासच्या चार गावांतून तिला बोलवायचे. पोटात आडवं झालेलं कोकरू ती दोन बोटांनी असं फिरवायची की मेंढीचा आवाजही बदलत नसे. सर स्वतः डॉक्टर, पण अडलेल्या मेंढीपाशी गयाबाई असली तर ते मागे सरकून बसत आणि बघत.

पहिल्यांदा आम्ही तिच्याकडे गेलो तेव्हा सरांनी तिला तुमच्या कळपातल्या जुळी देणाऱ्या मेंढ्या दाखवा म्हटलं. तिने नऊ मेंढ्या बाजूला काढल्या. आम्ही त्यांचं रक्त आणलं. नऊच्या नऊ साध्या निघाल्या, वरची एकच पट्टी. मला वाटलं, म्हातारीचं सगळं उगीच. सर मात्र दुसऱ्या दिवशी मुद्दाम पेडगावला गेले आणि तिला सांगून आले की तुम्ही सांगता ते खरं आहे, पण आम्ही ज्या एका खुणेचा शोध घेतो ती यांच्यात नाही. यांचं कारण दुसरं काहीतरी असेल, ते आम्हाला अजून समजलेलं नाही. परत येताना जीपमध्ये मी विचारलं की एवढं सांगायला एवढ्या लांब कशाला यायचं. ते म्हणाले, "न सांगता मेंढा आणून बांधला असता तर तिला वाटलं असतं की तिचं बघणं खोटं होतं."

मग केंद्रातला एक मेंढा तिच्याकडे गेला. त्याच्यात एकच धागा जुळ्यांचा होता, त्यामुळे त्याच्या निम्म्या लेकींत तो उतरला. त्या लेकी व्यायल्या तेव्हा मेंढरांच्या वाड्यात जुळी दिसायला लागली. दोन सडांना दोन कोकरं. गयाबाईने केंद्रात निरोप पाठवला की सायबांना मनावं येऊन बगून जा. सर गेले, एकेका जोडीचं वजन केलं, लिहून घेतलं आणि तिच्या सुनेने केलेला चहा प्यायले. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा दिवस होता. त्यांनी तसं कुणाला बोलून दाखवलं नाही.

पुढचं पाऊल नेमकं पडायला हवं होतं. या लेकींना आता साधाच मेंढा लावायचा होता, नाहीतर पुढच्या पिढीत दोन्ही धागे एकत्र येणार. केंद्रात दोन तरणे मेंढे तयार होते. आम्ही दोघांचं रक्त तपासलं. एक साधा निघाला, एक दोन्ही धाग्यांचा. साधा गयाबाईकडे गेला. दुसरा केंद्रातच ठेवला, तो त्याच पावसाळ्यात आजाराने दगावला. अहवाल फाइलला लागला आणि आम्ही दुसऱ्या कामाला लागलो.

त्यानंतरच्या तिसऱ्या चैतात गयाबाईचा मुलगा केंद्राच्या फाटकात येऊन उभा राहिला. आत यायला तयार नव्हता. सर बाहेर गेले तेव्हा तो एवढंच म्हणाला, "कोकरं मरायलेत सायेब. तीन-तीन होयलेत आन मरायलेत."

आम्ही लगेच निघालो. दुपारचं ऊन रणरणत होतं. वाड्यात आंब्याखाली मेंढ्या माना टाकून उभ्या होत्या आणि त्यांच्या पायांत कोकरं पडलेली होती. मी तोवर शेकडो कोकरं पाहिली होती, एवढी लहान पाहिली नव्हती. तळहातावर मावतील अशी, पाय काडीसारखे, उठायचं आणि पडायचं. एका मेंढीखाली चार होती. दोन धडपडून सडाला लागलेली, उरलेली दोन आईच्या मागच्या पायांशी तोंड घासत होती. मेंढीच्या कासेत दूध नव्हतंच फारसं. त्या वर्षी चारा नव्हता. कुंपणाबाहेर खड्डा खणून ठेवला होता. त्यात किती पुरली ते मी विचारलं नाही.

सरांनी पिशवीतून साखरेचं पाणी काढलं आणि एकेका कोकराला पाजायला बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "गयाबाई कुठं हायत?"

सुनेने मान वळवली. गयाबाई घरात होती. ती आता वाड्याकडे येत नाही, सुनेने हळू आवाजात सांगितलं. पहिली तीन मेंढरं तिनेच मोकळी केली होती, त्यांची सगळी कोकरं गेली. गावात कुणीतरी म्हणालं की म्हातारीचा हात उलटला. मग तिने स्वतःच म्हटलं की माझा हात लावू नका. देवाला जाऊन आली, उपास धरला, तरी कोकरं मरतच राहिली. शेजारच्या गावाहून अडलेल्या मेंढीसाठी बोलवायला आलेल्या माणसाला तिने परत पाठवलं होतं.

सरांनी ते ऐकून घेतलं. तिथल्या दहा-बारा मेंढ्यांचं आणि त्या साध्या म्हणून दिलेल्या मेंढ्याचं रक्त काढलं. त्या दिवशी त्यांनी कुणाला आईबद्दलचा तो नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी जेल लावला. दिव्याखाली मी आधी पाहिलं. त्या तिळी देणाऱ्या मेंढ्यांत खालची एकेकच पट्टी होती, दोन्ही धागे जुळ्यांचे. मेंढ्याचीही तीच. जो मेंढा साधा म्हणून आम्ही दिला होता, तो साधा नव्हता. मी कागदावर लिहिलं आणि बाहेर आले. सर आत गेले. त्यांचा कागद माझ्या कागदाशी जुळला.

मग त्यांनी शीतकपाटातून तीन वर्षांपूर्वीच्या दोन नळ्या काढायला सांगितल्या. मी त्या काढल्या तेव्हा बर्फ पुसताच चिठ्ठ्यांवरचे आकडे दिसले. अक्षर माझं होतं. ते रक्त काढलं त्या संध्याकाळी गाडीची वेळ होत आली होती. दोन्ही मेंढ्यांचं रक्त मी आधी नळ्यांत भरलं आणि चिठ्ठ्या नंतर, टेबलावर येऊन चिकटवल्या. कुठली नळी डाव्या हाताला ठेवली होती हे तेव्हा मला पक्कं आठवतंय असं वाटलं होतं. जेलची वाचनं आम्ही दोघांनी दोनदा जुळवली होती. पण नळीच चुकीची असेल तर दोनदा वाचून काय होणार.

मी सरांना सांगितलं. सगळं सांगितलं, गाडीचंही. ते स्टुलावर बसले होते. मला वाटलं होतं, ओरडतील. ओरडले असते तर सोपं झालं असतं.

"घरी जा," ते म्हणाले. "उद्या पेडगावला जायचंय. तुम्ही यायलाच पाहिजे असं नाही."

दुसऱ्या दिवशी मी पेडगावला गेले. पण त्याआधी सकाळी केंद्रात जे झालं तेही सांगायला हवं. वरिष्ठांनी सरांना खोलीत बोलावलं. दार उघडंच होतं. वरिष्ठांचं म्हणणं होतं की उन्हाळा कडक आहे, चारा नाही, कोकरं मरायला एवढं कारण पुरेसं आहे आणि ते खोटंही नाही. चूक लिहून दिली तर योजनाच बंद पडेल, पुढे कुणालाच मेंढे मिळणार नाहीत. ते वाईट माणूस नव्हते, त्यांनाही काम टिकवायचं होतं. सरांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले की साहेब, तुमचं बरोबर असेल, पण ती बाई स्वतःच्या हाताला दोष देत बसली आहे. एवढं बोलून ते जीपकडे आले.

पेडगावला सरांनी मुलाला सांगून आजूबाजूच्या धनगरांना बोलावून घेतलं. पंधरा-वीस माणसं आंब्याखाली जमली. गयाबाई बाहेर यायला तयार नव्हती. सर दारापर्यंत गेले, चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "गयाबाई, तुमी आल्याशिवाय मी बोलणार न्हाई." ती आली. डोक्यावरून पदर ओढून भिंतीला टेकून बसली.

सरांनी उभ्यानेच सांगितलं. या वेळी हातात घोंगडी नाही, धागे नाहीत. "तीन वर्षांखाली जो मेंढा आमी साधा मनून दिला, तो साधा नव्हता. आमच्याकडं दोन नळ्यांची अदलाबदल झाली. त्यामुळं या मेंढरांत दोन्ही धागे आले आन त्यांना तीन-तीन, चार-चार व्हायलेत. एवढी कोकरं कुणाच्याही हातानं वाचली नसती. कागदावर सही माझी हाय. गलती माझी हाय. यात गयाबाईंच्या हाताचा काही संबंध न्हाई."

मी सरांच्या मागे उभी होते. बोलावं असं वाटत होतं. मी बोलले नाही.

जमलेल्यांपैकी एक जण तावातावाने काहीतरी बोलायला लागला. गयाबाईने हाताने त्याला थांबवलं. ती सरांकडे बघत होती. तिने अगदी हळू विचारलं, "मंजे माझ्या हातानं न्हाई मेली?"

"न्हाई," सर म्हणाले.

तिने दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. मग पदरात तोंड झाकून रडली. आवाज नव्हता, फक्त खांदे हलत होते. सर तिच्यासमोर जमिनीवर बसले. कुठलं तरी कोकरू ओरडायला लागलं तेव्हा गयाबाईच आधी उठली आणि वाड्यात शिरली.

पुढचे दोन महिने सर रोज पेडगावला जात. केंद्रातून दोन दुभत्या शेळ्या त्यांनी मागून आणल्या होत्या. गयाबाई कोकरं आळीपाळीने शेळ्यांखाली लावायची, उरलेल्यांना सर बाटलीने पाजायचे. पन्नाशी उलटलेला, कपाळाला विभूती लावलेला माणूस मांडीवर कोकरू घेऊन तासन्‌तास बसलेला असे. काही जगली, काही तरीही गेली. एखादं गेलं की सर बाटली खाली ठेवत आणि मग दुसरं उचलत. मीही जायचे. आमच्यात त्या चुकीबद्दल पुन्हा कधी बोलणं झालं नाही. फक्त एक झालं. चिठ्ठी आधी, रक्त नंतर, हे त्यांनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून टेबलासमोर लावलं आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं, जणू तो दंडक त्यांना स्वतःलाच हवा होता.

त्या मेंढ्यांचं काय करायचं हा प्रश्न उरला होता. धनगर म्हणत होते, बाजार दाखवा. गयाबाई सरांच्या तोंडाकडे बघत होती. सरांनी तिला सांगितलं की या मेंढ्यांना खरा साधा मेंढा लावला तर यांच्या प्रत्येक पिलात एकच धागा जाईल, आणि तेच तर आपल्याला हवं होतं. पण तोवर गाभणपणात यांना भरपूर खायला लागेल, शेळ्या लागतील आणि सांभाळणाराचा जीव जाईल. ठेवा असं मी म्हणणार नाही, ठरवायचं तुम्ही. तिने सहा मेंढ्या ठेवल्या. नव्या मेंढ्याचं रक्त या वेळी तिच्यासमोर काढलं, चिठ्ठी तिच्यासमोर लावली. त्याच्या लेकी पुढे व्यायल्या तेव्हा बहुतेकींना जुळीच झाली. आसपासच्या गावांतून गयाबाईला पुन्हा बोलावणी यायला लागली.

सरांच्या योजनेचं मात्र वरिष्ठ म्हणाले तसंच झालं. त्यांनी चूक अहवालात जशीच्या तशी लिहिली. योजना पुढे वाढली नाही. त्यांना जी वरची जागा मिळायची होती ती मिळाली नाही, आणि चार वर्षांनी ते त्याच खोलीतून, त्याच पदावरून निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात भाषण करायला सांगितलं तर ते उभे राहून म्हणाले की मेंढ्यांना पाणी दाखवायची वेळ झाली आहे, आणि बसले. लोक हसले. ते हसवायला बोलले नव्हते. खरंच वेळ झाली होती.

गेल्या वर्षी सर गेले. त्यांच्या गावी त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून समाधी दिली. विभूती, बेलाची पानं, हातात लिंग. बायकांच्या गर्दीत मला गयाबाई दिसली. मुलाच्या आधाराने आली होती, आता तिला नीट दिसत नव्हतं. सगळं आटोपल्यावर मी तिला एका बाजूला नेलं. इतकी वर्षं जे सांगायचं राहिलं होतं ते सांगितलं, की त्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्या मी लावल्या होत्या, सरांनी नाही.

तिने माझा हात चाचपून धरला. "ठावं हाय मला," ती म्हणाली. "त्या दिशी तुझं तोंड बगितलं होतं की मी."

तिने माझा हात तसाच धरून ठेवला. गाडी निघायची वेळ झाली तेव्हा मुलाने तिला हाक मारली.

पण सर डोळ्यांसमोर येतात ते त्यांच्या जाण्याच्या महिनाभर आधीचे. मी एका लग्नाहून गंगाखेडच्या एसटीने परभणीला येत होते. दुपार होती. रस्त्यात गाडी थांबली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मागे ट्रक आणि उसाचे ट्रॅक्टर खोळंबले होते. खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहिलं तर कुणाचा तरी मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता आणि रस्त्याच्या मधोमध सर उभे होते. कुठे निघाले होते कोण जाणे, एक कापडी पिशवी खांद्याला होती. फार वाळले होते. उजवा हात वर धरून त्यांनी दोन्हीकडच्या गाड्या थांबवल्या होत्या. कळप गेला. आमच्या ड्रायव्हरने गाडी पुढे घेतली तर त्यांनी हात आणखी वर केला. मागे एक लंगडी मेंढी राहिली होती. ती तीन पायांवर उड्या मारत, मध्येच थांबत, डांबरावरून येत होती. कंडक्टर वैतागून काहीतरी बोलला. मला उतरावंसं वाटलं, पण माझ्या मांडीवर शेजारणीचं बाळ झोपलं होतं. मेंढी पलीकडच्या चारीत उतरली. सरांनी हात खाली केला, ड्रायव्हरकडे बघून मान लववली आणि कडेला झाले. गाडी त्यांच्या अगदी जवळून गेली. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ते चारीतल्या त्या मेंढीच्या मागच्या पायाकडे वाकून बघत होते.